अर्धा सूर चढा

माझा धाकटा भाऊ बालाजी व्हायोला वाजवतो. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे व्हायोलिन?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "नाही, त्याचा थोरला भाऊ." व्हायोला व्हायोलिनहून थोडा मोठा आणि खालच्या आवाजाचा. पाश्चात्त्य संगीतात चार तंतुवाद्यांचा जो मेळ असतो त्यात दोन व्हायोलिनं वर, चेलो तळाशी आणि मधे हा. रसममध्ये हिंग असतो तसा. असला तर कोणी नाव काढत नाही, नसला तर सगळे वाढणाऱ्याच्या पळीकडे बघतात.

बालाजीचा कान काय होता ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. मी कॉन्व्हेंटात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दर शनिवारी सिस्टर बर्नडेट मला पियानो शिकवायच्या आणि अप्पा येईपर्यंत तो व्हरांड्यातल्या बाकावर पाय हलवत बसायचा. सिस्टर प्रत्येक पट्टी दाबताना तिचं इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणायच्या. मला ती अक्षरं कधी नीट बसली नाहीत. त्याला बाहेर बसून महिन्याभरात बसली. घरी आल्यावर तो चमच्याने तांब्या वाजवायचा आणि सांगायचा, "हा एफ." आई म्हणायची, "तो तांब्या आहे. ठेव खाली."

अप्पांनी त्याला मद्रासच्या मैलापुरातल्या एका गुरूंकडे कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकायला पाठवलं. या संगीतात सा एका जागी बांधलेला नसतो. गाणाऱ्याचा गळा असेल तिथे सा धरायचा आणि बाकीचे सूर त्याच्या मागोमाग. एक दिवस एक मुलगी गायला आली, तिच्यासाठी गुरूंनी सगळ्यांच्या तारा वर चढवल्या, आणि बालाजीचा हात थांबला. "हा सा नाही," तो म्हणाला, "कालचा सा खाली होता." असं दोन वर्षं चाललं. शेवटी गुरूंनी अप्पांना निरोप धाडला की मुलाचा कान फार चांगला आहे, त्यामुळे तो काही शिकू शकणार नाही.

म्हणून तो पाश्चात्त्य वाद्याकडे गेला. तिथे सूर ठरलेले असतात. ए म्हणजे ए, मद्रासमध्येही आणि व्हिएन्नातही.

एकोणऐंशी सालापासून तो सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला लागला. कोडंबाक्कमला तेव्हा चाळीस-चाळीस वादक एका खोलीत बसायचे. सकाळी कागद हातात यायचे आणि दुपारी गाणं तयार व्हायचं. त्याने किती गाणी वाजवली ते त्यालाही माहीत नाही. रिक्षात, लग्नाच्या मांडवात, दंतवैद्याकडे एखादं गाणं लागलं की तो बोटाने हवेत खूण करायचा, "इथे मी आहे." कॅसेटवर त्याचं नाव कधी आलं नाही. कोणाचंच यायचं नाही. पुढे एकटा कीबोर्ड चाळीस जणांचं काम करू लागला आणि ते सगळे घरी बसले.

दोन हजार दोन साली त्यातल्या तिघांनी आणि एका तरुण शिक्षिकेने मिळून क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांचा तसा मेळ, काढलं. पहिलं व्हायोलिन कृष्णस्वामी, जिभेने तिखट आणि बोटांनी लोण्यासारखा. दुसरं व्हायोलिन श्रीरंजनी, तेव्हा पंचविशीची. चेलो वेंकट, जो तोवर गिंडीच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता. तालीम मंदवेळी भागात माझ्या घरच्या हॉलमध्ये, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दहाला. नाव मंदवेळी क्वार्टेट. आमचे हे त्यांना चांडाळचौकडी म्हणायचे आणि तालमीला सगळ्यात आधी खुर्ची धरून बसायचे.

वर्षाला आठ-दहा कार्यक्रम व्हायचे. डिसेंबरात अख्खं गाव संगीतसभांमध्ये गाणं ऐकायला आणि कँटीनमध्ये डोसे खायला लोटतं, तेव्हा यांच्या एका कार्यक्रमाला सत्तावीस माणसं होती. त्यातली चार कँटीन शोधत आलेली. पण शाळांमधलं काम छान चाललं. महिन्यातून एकदा कुठल्यातरी शाळेत जाऊन मुलांना तासभर वाजवून दाखवायचं आणि वाद्यं हातात द्यायची. तिथे बालाजीचा एक खेळ होता. मुलांनी काहीही वाजवायचं, डबा, पट्टी, शिट्टी, आणि त्याने पाठ फिरवून सुराचं नाव सांगायचं. शिक्षक सूर दाखवणाऱ्या यंत्राने, पुढे फोनवर, तपासायचे. वीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

याच कानामुळे आमच्या हॉलमध्ये एक रीत पडली होती. वाद्यं जुळवताना बाकीचे लोक ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा, वापरतात किंवा पहिल्या व्हायोलिनचा सूर घेतात. इथे बालाजी व्हायोलाची पेटी उघडायचा, एक तार लावायचा आणि म्हणायचा, "घ्या." बाकी तिघं त्याच्यावरून लावायचे. कृष्णस्वामी बालाजीला आडनावाने हाक मारतो. तो एकदा कोणा पाहुण्याला म्हणाला होता, "फोर्क चोरीला जातो. राव जात नाही."

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत ते तांबरमच्या एका शाळेत गेले. मीही बरोबर होते. भव्या नावाच्या मुलीने डब्याच्या झाकणावर चमचा मारला. बालाजी म्हणाला, "बी फ्लॅट." शिक्षिकेने फोन पाहिला आणि पुन्हा पाहिला. "सर, हा ए दाखवतोय." ए म्हणजे बी फ्लॅटच्या बरोबर अर्धा स्वर खाली.

"फोन बिघडलाय," बालाजी म्हणाला.

दुसरा फोन आणला. भव्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा ए. मुलं हसली, त्यांना वाटलं की हाही खेळातलाच भाग आहे. बालाजीही हसला आणि म्हणाला, "आज तुम्ही जिंकलात." परतीच्या गाडीत सैदापेट आलं तेव्हा तो म्हणाला, "झाकणाला पोचा असेल. पोच्याने सूर बदलतो."

त्या शनिवारी त्याने नेहमीसारखा सूर दिला आणि तिघांनी तारा लावल्या. दहा मिनिटं वाजवल्यावर वेंकट थांबला. "तारा फार सैल वाटताहेत. हवा दमट आहे का आज?" श्रीरंजनी आत जाऊन पर्समधला फोन घेऊन आली आणि तिने तो स्टँडवर ठेवला. चौघंही अर्धा स्वर खाली होते. चौघंही एकमेकांशी मात्र अगदी सुरात होते, म्हणून कोणाला कळलं नव्हतं.

कृष्णस्वामीने एरवी यावर दोन आठवडे टोमणे मारले असते. तो फक्त म्हणाला, "फोनवरून लावू या."

बालाजीने फोनवरचा ए ऐकला. "हा बी फ्लॅट आहे, कृष्णस्वामी."

"नाही, राव."

"मला बी फ्लॅट ऐकू येतोय."

मी चहा आणायला आत गेले.

कानाच्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की वयाच्या मानाने ऐकणं उत्तम आहे. "घरात कोणी बोललं तर ऐकू येतं ना?"

"येतं."

"टीव्ही?"

"येतो. पण सगळं अर्धा स्वर वर ऐकू येतं."

डॉक्टर भले होते. ज्यांच्या कानात सुरांची नावं पक्की असतात अशा काही लोकांना उतारवयात असं होतं, कानाच्या आतलं काहीतरी ताठरतं, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या कानात नावंच नसतात त्यांचाही सूर हलत असेल, पण त्यांना ते कळत नाही. औषध नव्हतं. यंत्रही नव्हतं, कारण यंत्र आवाज मोठा करतं आणि त्याला आवाज मोठा नको होता. "त्रास काय होतो?" त्यांनी विचारलं. बालाजीने माझ्याकडे पाहिलं.

तो माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, तिथे त्याची बायको वसंता मुलांना कर्नाटक गाणं शिकवते. तिला वाटलं होतं काही तरी भयंकर निघणार. तिने सुटकेचा श्वास टाकला. "एवढंच ना? सा हलला तर हलू दे. मी रोज हलवते. सकाळच्या पोरींना एक, संध्याकाळच्या पोरांना दुसरा."

"तुझा सा तू हलवतेस," तो म्हणाला. "माझा आपोआप हलला."

"सेरि, बरं, मग सा गेला तिथे तूही जाऊन बैस."

ती चिडवत नव्हती, तिला खरंच उपाय सांगायचा होता. या शहरात कोणाकडेही गेला असता तरी हाच उपाय मिळाला असता.

अडचण अशी की व्हायोलाला पट्ट्या नसतात. बोट कुठे ठेवायचं ते कान सांगतो. कागदावर डी लिहिलेला, बोट डीवर ठेवलेलं आणि कानात अर्धा स्वर वरचा ई फ्लॅट. मग बोट आपणहून खाली सरकायचं, कान गप्प बसेपर्यंत. तो कापसाचे बोळे घालून वाजवून पाहायचा. डोळे मिटून पाहायचा. दर शनिवारी तो बेसूर व्हायचा आणि त्याला सोडून सगळ्यांना ते कळायचं.

आणि नेमकी याच सुमारास रेकॉर्डिंगची गोष्ट पक्की झाली. दहा वर्षं चौघं नुसती बोलत होती. एका संस्थेने स्टुडिओचे तीन दिवस द्यायचं कबूल केलं, ऑगस्ट दोन हजार चोवीस. क्वार्टेट सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा बसवलेली डी मेजर या पट्टीतली चौकडी, म्हणजे चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना, तिचे चारही भाग. चौघांची नावं वर छापून. पंचेचाळीस वर्षं वाजवून बालाजीचं नाव पहिल्यांदा त्याच्या वाजवण्यावर येणार होतं.

एप्रिलमध्ये कृष्णस्वामी एकटा माझ्याकडे आला आणि चप्पल काढून दारातच उभा राहिला. "अक्का, एक तरुण मुलगा आहे. व्हायोला चांगला वाजवतो. तीन दिवसांपुरता."

"त्याला तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर तो ऐकेल. म्हणून तर सांगवत नाही."

आम्ही दोघंही सांगू शकलो नाही. चार दिवसांनी बालाजीच कोऱ्या कागदांचं बाड घेऊन खाली आला. "अक्का, सूर लिहायला रेघा मारून दे, बैस. पाच-पाच."

त्याने युक्ती शोधली होती. व्हायोलाच्या चारही तारा अर्धा स्वर उतरवायच्या, म्हणजे त्याच्या कानाला त्या बरोबर लागतात. मग डी मेजरमधला आपला सगळा भाग अर्धा स्वर वर, ई फ्लॅटमध्ये, नव्याने लिहून काढायचा. तो वाचणार ई फ्लॅट, बोट ठेवणार ई फ्लॅटचं, ऐकणार ई फ्लॅट, आणि बाहेर इतरांना ऐकू येणार डी. तीनदा समजावल्यावर मला कळलं. वसंताला पहिल्याच वेळी कळलं. ती म्हणाली, "हेच तर मी सांगत होते." तो म्हणाला, "सुम्मा, गप्प बैस."

मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. मी रेघा मारायची, तो लिहायचा. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून पंखा बंद. एक्केचाळीस पानं झाली. बावीस वर्षं वाजवलेली ती चौकडी त्याला डोळे मिटून येत होती, आणि आता तेच आड आलं. हात जुन्या वाटेने जायचा आणि कागद नव्या वाटेने. "घर तेच आहे, पण सगळी दारं हातभर सरकवलीत," तो म्हणायचा. सैल तारांनी व्हायोलाचा आवाजही थोडा मंद झाला. पण जूनमध्ये तो सुरात आला. जुलैत चारही भाग एका बैठकीत झाले. श्रीरंजनीने गज खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, आलात का?" तो म्हणाला, "आलो. शेजारच्या घरातून."

मला आनंद झाला नाही असं नाही. पण सूर एकदा सरकला तो तिथेच थांबेल असं डॉक्टर म्हणाले नव्हते. मी बालाजीला त्याची आठवण करून दिली नाही. त्यालाही ते माहीत असणार.

रेकॉर्डिंगचे तीन दिवस मी काचेमागच्या खोलीत बसले. कितव्या वेळी काय वाजलं, कुठे खुर्ची करकरली, ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. यंत्रावर कार्तिक होता, कृष्णस्वामीचा जुना विद्यार्थी. तो मला मामी म्हणतो. पहिल्या दिवशी पहिला भाग चार टेकमध्ये झाला. कार्तिकने मला अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी संथ भाग. त्यात सोळा बार, म्हणजे तालाची सोळा घरं, मुख्य सुरावट व्हायोलाकडे येते आणि बाकी तिघं मागे राहून अगदी हलकं वाजवतात. अख्ख्या चौकडीत तेवढीच जागा त्याची. पहिल्या टेकला मला वाटलं मीच दमले आहे. दुसऱ्या टेकला कार्तिकने हेडफोन काढून पुन्हा घातला. बालाजी वरच्या सुरांवर गेला की किंचित खाली पडत होता. अर्धा स्वर नव्हे, केसभर. त्याचा कान पुन्हा हलला होता, या वेळी थोडासाच, आणि सगळीकडे सारखा नाही. खालचे सूर नीट होते.

"सर, अजून एकदा," कार्तिक माईकवरून म्हणायचा. कारण सांगायचा नाही. एकदा म्हणाला एसीचा आवाज आला. एकदा म्हणाला वायर हलली. सहाव्या टेकनंतर बालाजीने गज मांडीवर ठेवला आणि काचेकडे पाहून हसला. इतका मोकळा तो दीड वर्षात हसला नव्हता. "हा झाला ना?"

कार्तिकने कृष्णस्वामीकडे पाहिलं. कृष्णस्वामीने आयुष्यभर कोणाचा सूर पडला की खोलीभर ऐकवलं आहे. माझ्या हॉलमध्ये त्याने एका पाहुण्या वादकाला विचारलं होतं की तुम्ही गज आणलाय का करवत. तो म्हणाला, "झाला, राव. जा, कॉफी घे."

बालाजी आणि वेंकट कॉफीला गेले. कृष्णस्वामी आणि श्रीरंजनी आत आले. कार्तिकने पडद्यावर त्या सोळा बारांची रेघ काढून दाखवली. "मामी, फक्त नऊ सूर आहेत. मी उचलून जागेवर ठेवतो. दहा मिनिटांचं काम. कोणालाही कळणार नाही."

"त्याला?" मी विचारलं.

"सरांना तर नाहीच कळणार," कार्तिक म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली.

श्रीरंजनी म्हणाली, "त्यांना विचारायला हवं. त्यांचं वाजवणं आहे."

"विचार," कृष्णस्वामी म्हणाला. "जा, तोच बाहेर उभा आहे. सांग, राव, तुझा हसलेला टेक बेसूर आहे, आता यंत्र लावतो." ती जागची हलली नाही. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगता का, अक्का? तुमचं तो ऐकेल."

माझ्या हातात पेन्सिल होती. बाहेरून बालाजीचा आवाज येत होता, तो वेंकटला कुठल्याशा जुन्या स्टुडिओतल्या उपम्याची गोष्ट सांगत होता. मी कागदावर टेक सहाला गोल केला. कार्तिकने खुर्ची पुढे ओढली.

रेकॉर्ड डिसेंबरात आलं. वर चौघांची नावं होती, त्याचं तिसरं. कौतुक झालं. संथ भागातल्या व्हायोलाबद्दल एकाने दोन ओळी लिहिल्या. वसंताने त्या कापून फ्रिजवर लावल्या. शाळांमधलं काम अजून चालू आहे, पण पाठ फिरवून सूर ओळखायचा खेळ त्याने बंद केला. जानेवारीत तांबरमला भव्या आता उंच झालेली दिसली. तिने टेबलावरची घंटा वाजवून आजोबांना विचारावं तसं विचारलं, "ताता, हा कोणता?" तो म्हणाला, "तूच सांग," आणि दुसऱ्या मुलाच्या हातात गज दिला.

परवा सकाळी अकराला तो खाली आला. वर वसंताचा वर्ग चालू होता. त्याच्या हातात छोटा स्पीकर होता. तो माझ्यासमोर बसला आणि चहा नको म्हणाला.

"अक्का, मी हे वीसदा ऐकलं. मला ते कुठल्या कुठे ऐकू येतं. वरचे सूर तर मला चढेच लागतात. लोक म्हणतात चांगलं आहे. लोक काय, सत्तावीस जण." त्याने स्पीकर टेबलावर ठेवला. "तू तिथे होतीस. मी सुरात आहे का?"

त्याने संथ भाग लावला. सोळा बार आले. मी नीट ऐकले. बालाजीची एक सवय होती, वरचा सूर तो खालून हळूच गाठायचा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस थोडा रेंगाळतो तसा. ती सवय आता तिथे नव्हती. सगळे सूर आपापल्या जागी बसले होते.

"सुरात आहे," मी म्हणाले.

"मी?"

"तूच वाजवतोयस ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो विचारेल, आणि विचारलं असतं तर काय बोलले असते ते मला आजही माहीत नाही. त्याने विचारलं नाही. त्याने गाणं मागे नेलं आणि आता एकेका बारला थांबवत निघाला.

"हा?"

मी मान हलवली.

"हा?"

मी मान हलवली. वर पोरी सा धरून बसल्या होत्या. असे सोळा झाले. मग त्याने स्पीकर आणखी माझ्या बाजूला सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.